नववी खुंटी

जानेवारीत उलानबातरची हवा इतकी कोरडी असते
की दाराच्या कडीशी हात नेला तरी चटका बसतो.
अंधारात स्वेटर काढावा
तर अंगभर निळं तडतडतं.
म्हणून तळघरातल्या माझ्या दुकानात जो येईल त्याला
मी आधी सांगते : त्या पाइपला हात लावा.
हीटरच्या. हो, रंग उडालाय ना, तिथेच.
अंगातली वीज उतरू दे,
मग टेबलापाशी या.

गानसुखने दोन्ही तळवे टेकवले
मठातल्या प्रार्थनाचक्राला टेकवावेत तसे.

कोळशाचा ट्रक चालवतो तो,
खाणीपासून सरहद्दीपर्यंत, आणि रांगेत चार-चार दिवस.
कॅबिनेट कुणाचं तरी जुनं, एका कोपऱ्यात पोचा आलेलं;
बोर्ड मात्र नवा,
आणि तो त्याने अंगरख्याच्या आत, छातीशी धरून आणलेला,
थंडीत जन्मलेलं कोकरू आणतात तसा.
मुलगी सारुल घरांचे नकाशे काढायला शिकते.
तिचा कॉम्प्युटर म्हणे
जिना अर्ध्यावर आला की बंद पडतो.

"मीच बसवणार," तो म्हणाला,
"तू नुसती बघ. चुकलो तर ओरड."

मी ओरडलेच.
अहो, मागची पत्र्याची चौकट आधी!
ती सगळेच विसरतात, मीसुद्धा, अजून.
चौकट बसली टक् करून, चारही कोपऱ्यांत,
आणि जाताजाता त्याचा अंगठा कापून गेली.
त्याने रक्त चोखलं, पुन्हा पाइपला हात लावला
(न सांगता),
बोर्ड कडांनी उचलला, तिरका केला,
तोंडं चौकटीतून बाहेर डोकावेपर्यंत श्वास धरला.
नंतर स्क्रू.
"आवळू नका. आधी सगळे नुसते टेकवा,
मग एकेक, आणि तोही बोटांच्याच जोराने.
ट्रकचं चाक नाही हे."
"चाकालाही असंच करतात," तो म्हणाला,
मान वर न करता.

वायरी जोडल्या. त्या बारक्या, दिव्यांच्या,
त्याच्या बोटांत दिसेनात म्हणून मी जोडल्या.
बटण दाबलं.
पंखा एक गिरकी घेतो न घेतो तोच थांबला.
पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

त्याने माझ्याकडे पाहिलं
आणि मी टेबलाकडे.
सगळं बोर्डावरच टाकून मोकळं होणं सोपं होतं;
"परत करा, बदलून घ्या" हे वाक्य
माझ्या जिभेवर कायम तयार असतं.
पण त्याने स्क्रू काढायला घेतले होते, एकेक,
टोपीत जमा करत.

रिकाम्या कॅबिनेटच्या पाठीवरून त्याने
तोच कापलेला अंगठा फिरवला.
"बोर्डाला भोकं किती?"
"आठ."
"आणि या पितळी खुंट्या नऊ."

घोडं तिथे पेंड खात होतं.
आधीच्या बोर्डासाठी कुणीतरी लावलेली एक खुंटी
नव्याच्या पोटाला टोचत होती,
बरोबर जिथे तिला काहीच धरायचं नव्हतं.
मी मोजायला हवं होतं. सतरा वर्षं हेच करतेय मी.

पक्कडीने खुंटी फिरवत तो म्हणाला,
"माझा सासरा असाच होता.
उभा मदतीलाच,
पण नेमका मध्ये."
हसलो दोघं. मग तो हसायचा थांबला,
आणि मी काही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा हात सरावले होते.
चौकट, तिरका बोर्ड, आठ स्क्रू.
बाहेर त्याची जीप तशीच घरघरत होती,
बंद केली तर पुन्हा चालू व्हायची नाही या थंडीत,
म्हणून पंखा ऐकायला
त्याला कान अगदी पत्र्याला लावावा लागला.
"चालतोय," तो कुजबुजला,
जणू मोठ्याने बोलला तर थांबेल.

पैसे देताना खिशातून नोटांबरोबर
ती खुंटी टेबलावर पडली.
माझ्या डब्यात तशा शंभर आहेत;
तरी हात पुढे झालाच माझा.
त्याने ती उचलली,
परत खिशात टाकली,
आणि निघताना, सवय झाल्यासारखा,
पाइपला हात लावून गेला.